घरच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज मध्येच तुटतो : दोष कसा शोधावा

भजनी मंडळाचे अभंग, पोवाड्याची चाल, स्नेहसंमेलनाचे गीत किंवा स्वतःचा रियाज घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रित करणारे कोल्हापुरात आता पेठापेठांतून सापडतात, आणि त्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते : "आवाज मध्येच कट होतोय." मायक्रोफोन बदलला, केबल बदलली, दुकानदाराच्या सांगण्यावरून रॅमही वाढवली, तरी आलापाच्या ऐन मध्यात 'टक्' होतेच, कधी क्षणभर सगळेच गप्प होते आणि मग काही घडलेच नाही असे पुढे सुरू होते. ही तक्रार मिटल्यासारखी वाटून पुन्हा उगवते, कारण बहुतेक जण आधी उपाय करतात आणि तपासणी नंतर. आवाज तुटण्याची कारणे अनेक असली तरी प्रत्येक कारणाची वेळ वेगळी असते. म्हणून कोणतेही सेटिंग बदलण्यापूर्वी वही घ्यावी आणि आवाज केव्हा तुटतो हे आठवणीवर न सोडता घड्याळ पाहून लिहावे. पुढचे सगळे विवेचन त्या नोंदीवर उभे आहे.

आधी आवाजच तुटतो आहे ना?

तीन वेगळे दोष लोक एकाच नावाने सांगतात. सतत चालणारी घुमणारी गुणगुण ही ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याची किंवा अर्थिंगची भानगड असते. तिचा या लेखाशी संबंध नाही. केवळ जोरात गायल्यावर येणारी चिरफाड म्हणजे पातळी ओलांडली गेली आहे. वेव्हफॉर्मची, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या आवाजाच्या लाटेची, टोके सपाट कापलेली दिसतात; इंटरफेसवरचा (मायक्रोफोन संगणकाला जोडणाऱ्या डब्यावरचा) गेन, म्हणजे आवाज आत घेण्याची पातळी, कमी केला की काम संपते. हे दोन्ही बाजूला काढल्यावर उरतो तो खरा खंड : आवाजाचा एक तुकडा वेळेवर पोचलाच नाही.

तो खंड नेमका कुठे पडला हे ठरवण्यासाठी रेकॉर्ड झालेला तुकडा पुन्हा वाजवून पाहावा. प्रत्येक वेळी त्याच शब्दावर 'टक्' येत असेल तर तो दोष फाइलमध्येच उतरला आहे, म्हणजे रेकॉर्डिंग चालू असताना काहीतरी चुकले आहे. दर वेळी निराळ्या ठिकाणी येत असेल तर फाइल शाबूत आहे आणि दोष केवळ वाजवण्यात आहे. अशा वेळी गायकाला पुन्हा बोलावण्याचे कारण नाही. घाईघाईने टेक, म्हणजे एका दमात केलेले रेकॉर्डिंग, पुसून टाकणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट आधी करावी.

फाइलमध्ये दोष असेल तर ती जागा पडद्यावर जितकी मोठी करता येईल तितकी करावी, इतकी की एकेक सॅम्पल, म्हणजे क्षणोक्षणी मोजलेली आवाजाची पातळी, ठिपक्यासारखा दिसू लागेल. तिथे दोनांपैकी एक चित्र दिसते. एक, लाट मध्येच थांबून सरळ आडवी रेघ होते आणि काही अंतराने पुन्हा सुरू होते. त्या रेघेची लांबी मोजल्यावर ती १२८, २५६ सॅम्पल किंवा आपण ठेवलेल्या बफरच्या (संगणक एका वेळी हाताळतो त्या सॅम्पलच्या गठ्ठ्याच्या) पटीत भरली, तर एक अख्खा बफर वेळेत आला नाही असे खुशाल धरावे. दुसरे चित्र असे की आडवी रेघ नाही, पण लाट वर चढता चढता एकदम खालच्या बिंदूवर उडी मारते, जणू मधला तुकडा कात्रीने कापून दोन टोके जोडली आहेत. अशा ठिकाणी सॅम्पल हरवलेले असतात आणि बहुधा दोष क्लॉकचा, म्हणजे सॅम्पलची चाल ठरवणाऱ्या घड्याळाचा, किंवा यूएसबीचा असतो. असे बरेच तुकडे गळले की पाच मिनिटांच्या अभंगाच्या शेवटी गळा आणि टाळ एकमेकांपासून सुटलेले ऐकू येतात, आणि त्याचा ठपका बिचाऱ्या टाळकऱ्यावर येतो.

मुळात काय घडते

४८ किलोहर्ट्झवर संगणकाला सेकंदाला ४८,००० सॅम्पल हाताळावे लागतात. तो ते एकेक करून घेत नाही, गठ्ठ्याने घेतो. त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, २५६ चा ५.३, ५१२ चा १०.७ आणि १,०२४ चा २१.३. तेवढ्या वेळात पुढचा गठ्ठा तयार असलाच पाहिजे. नसेल तर इंटरफेसकडे वाजवायला काही उरत नाही आणि खंड पडतो. पंगतीत वाढपी कितीही चपळ असला तरी त्याला स्वयंपाकघराच्या दारातच कोणी बोलण्यात अडकवले तर पान रिकामे राहते, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर २० टक्के दिसत असतानाही आवाज तुटू शकतो. तो आकडा सरासरीचा आहे, आणि इथे प्रश्न सरासरीचा नसून एका चुकलेल्या मुदतीचा आहे. नवा, महागडा संगणक घेऊनही तक्रार जशीच्या तशी राहिलेली दिसते, त्याचे मूळ इथे आहे.

बफर वाढवला की मुदत लांबते आणि खंड कमी होतात, हे खरे. पण हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येऊ लागतो. प्रत्यक्षात ऐकू येणारा उशीर वरच्या आकड्याच्या दुपटीहून जास्त असतो, कारण आत येणारा आणि बाहेर जाणारा असे दोन बफर, ड्रायव्हरने (यंत्र आणि संगणक यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरने) हाताशी ठेवलेला राखीव साठा आणि कन्व्हर्टरचा (आवाजाचे आकड्यांत व आकड्यांचे आवाजात रूपांतर करणाऱ्या भागाचा) वेळ हे सगळे त्यात मिळते. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे दहा मिलिसेकंदांचा उशीर हा साडेतीन मीटरवर बसलेल्या साथीदाराला ऐकण्याइतका आहे. गायकाला तो चालतो, ढोलकीवाल्याला खटकतो. यावरचा सोपा मार्ग बहुतेक इंटरफेसवर असतोच : डायरेक्ट मॉनिटरिंगचे बटण किंवा नॉब. त्यामुळे आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये येतो, आणि मग बफर ५१२ ठेवला तरी गाणाऱ्याला कळतही नाही. ज्यांना केवळ गळा आणि पेटी रेकॉर्ड करायची आहे, त्यांनी ३२ आणि ६४ च्या मागे लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

तपासणीसाठी रिकामा प्रोजेक्ट उघडावा, एकच ट्रॅक घ्यावा, एकही प्लगइन (आवाजावर परिणाम चढवणारे जोड-सॉफ्टवेअर) लावू नये, बफर २५६ ठेवावा आणि दहा मिनिटे तंबोरा रेकॉर्ड करावा. घरी मिरजेचा तंबोरा असेल तर उत्तम. नसेल तर मोबाइलमधला तंबोरा मायक्रोफोनसमोर ठेवला तरी चालतो. ढोलकीच्या थापेत लहानसहान खंड लपून जातो. तंबोऱ्याच्या अखंड नादात केसाएवढी चीरही कानाला टोचते. यात खंड आला तर दोष संगणक, ड्रायव्हर, यूएसबी किंवा क्लॉक यांत आहे. आला नाही, तर तो आपल्या मोठ्या प्रोजेक्टमध्ये, म्हणजे प्लगइन, वाद्यांच्या सॅम्पल लायब्ररी (आधी मुद्रित केलेल्या स्वरांचे संग्रह) किंवा डिस्क यांत आहे. निम्मे काम इथेच होते. यापुढे एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदलानंतर हीच दहा मिनिटे पुन्हा ऐकायची.

ठरावीक अंतराने येणारी टिकटिक

वहीतल्या नोंदी साधारण सारख्या अंतराच्या असतील, म्हणजे दर दोन मिनिटांनी किंवा दर चाळीस सेकंदांनी 'टक्' येत असेल, तर पहिला संशय क्लॉकवर घ्यावा. प्रत्येक डिजिटल ऑडिओ यंत्राचे स्वतःचे स्फटिक-घड्याळ असते आणि कोणतीही दोन घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. यूएसबी मायक्रोफोनने गळा घेतला आणि हेडफोन मात्र इंटरफेसला किंवा लॅपटॉपच्या स्वतःच्या भोकात लावला, तर दोन घड्याळांची शर्यत सुरू होते. त्यांत दशलक्षात २० इतकाच फरक आहे असे धरले तरी ४८ किलोहर्ट्झवर दर सेकंदाला जवळपास एक सॅम्पल मागेपुढे होतो, आणि १२८ सॅम्पलची राखीव जागा सव्वादोन मिनिटांच्या आत संपते. त्या क्षणी टिकटिक येते, मग हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. बफर वाढवून ही टिकटिक जात नाही, फक्त तिचे अंतर लांबते. आणि अंतर लांबले की दोष गेला असा समज होतो. उपाय एकच : आत येणारा आणि बाहेर जाणारा आवाज एकाच यंत्रातून न्यावा.

स्वतःचा एसिओ ड्रायव्हर, म्हणजे विंडोजवर आवाजाची कमी उशिरात ने-आण करणारा ड्रायव्हर, नसलेल्या यंत्रांसाठी एसिओ फॉर ऑल हे सॉफ्टवेअर पुष्कळ जण वापरतात, आणि त्यात दोन यंत्रांवर एकदम खुणा करता येतात म्हणून दोन्ही जोडतात. ही टिकटिक तिथे हमखास भेटते. इंटरफेसच्या निर्मात्याने स्वतःचा एसिओ ड्रायव्हर दिला असेल तर तोच वापरावा. दोन इंटरफेस ऑप्टिकल किंवा कोएक्सियल केबलने जोडले असतील तर एकाचे घड्याळ मुख्य ठेवून दुसऱ्याला त्या केबलवरून येणारे घड्याळ मानायला लावावे. दोघेही 'इंटर्नल' वर ठेवले तर खंड ठरलेला.

याच जातीचा आणखी एक दोष सॅम्पल रेटचा, म्हणजे सेकंदाला किती सॅम्पल घ्यायचे त्या आकड्याचा. प्रोजेक्ट ४८ वर, विंडोजच्या ध्वनी सेटिंगमध्ये ४४.१, आणि मागे ब्राउझरमध्ये कुठलेतरी गाणे उघडे, अशा स्थितीत काही इंटरफेस मधेच रेट बदलतात आणि रेकॉर्डिंग अडखळते. कधी ४४.१ वर मुद्रित केलेली फाइल ४८ वर धावते आणि पट्टी जवळजवळ दीड अर्धस्वराने (सेमिटोनने) चढते : काळी एकमध्ये गायलेली चीज पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळते. असे काही ऐकू आले तर दुसरे काही शोधत बसू नये. प्रोजेक्ट, विंडोज आणि इंटरफेस या तिन्ही ठिकाणी एकच रेट करावा, आणि विंडोजच्या सूचनांचे आवाज संगणकाच्या स्वतःच्या स्पीकरकडे वळवावेत.

केव्हाही, कसाही, रिकाम्या प्रोजेक्टमध्येसुद्धा

सर्वांत जास्त डोके खाणारा प्रकार हा आहे. नोंदींत काही मेळ नाही, प्लगइन नाही, तरी आवाज तुटतो. विंडोजवर याचे कारण बहुधा असे असते की ऑडिओशी काही संबंध नसलेला एखादा ड्रायव्हर प्रोसेसरला थोडा वेळ अडवून धरतो. वाय-फाय कार्ड, ग्राफिक्स कार्ड, बॅटरी, डिस्क या प्रत्येकाला अधूनमधून प्रोसेसरचे लक्ष हवे असते. ते मागताना ड्रायव्हर आपले काम दोन टप्प्यांत उरकतो, आणि ते टप्पे चालू असताना प्रोसेसरच्या त्या कोअरवरचे, म्हणजे त्या उपविभागावरचे, आपले रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर थांबून राहते. मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शक सूचनेनुसार पहिला टप्पा २५ आणि दुसरा १०० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त चालू नये. एखाद्या ड्रायव्हरने त्याऐवजी १,५०० मायक्रोसेकंद खाल्ले, तर १२८ च्या बफरमधला अर्ध्याहून अधिक वेळ त्यातच गेला.

दोषी कोण हे पाहण्यासाठी लेटन्सीमॉन नावाचे सॉफ्टवेअर आहे. ते सुरू करण्याआधी पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स' वर न्यावा, नाहीतर ऊर्जा वाचवण्यासाठी मंदावलेल्या प्रोसेसरचेच मोजमाप होते. पुष्कळ नव्या लॅपटॉपमध्ये केवळ 'बॅलन्स्ड' हा एकच प्लॅन दिसतो; तिथे सेटिंगमधल्या पॉवर मोडमध्ये 'बेस्ट परफॉर्मन्स' निवडावे. मग लेटन्सीमॉन दहा मिनिटे चालू ठेवून त्यातल्या ड्रायव्हरच्या यादीत सर्वाधिक वेळ कोणी घेतला त्यानुसार क्रम लावावा. पहिल्या पानावरचे हिरवे-तांबडे पट्टे पाहून घाबरण्यात किंवा निर्धास्त होण्यात अर्थ नाही. खरी माहिती त्या यादीत असते.

यादीच्या माथ्यावर एनडीआयएस किंवा टीसीपीआयपी असेल तर नेटवर्क, बहुतेक वाय-फाय. एसीपीआय असेल तर वीज आणि बॅटरीचे व्यवस्थापन. डीएक्सजी कर्नल किंवा ग्राफिक्स कंपनीचा ड्रायव्हर असेल तर पडदा. स्टोरपोर्ट असेल तर डिस्क. विंडोजच्या सामाईक चौकटीचे, म्हणजे डब्ल्यूडीएफचे नाव दिसले तर खरा दोषी तिच्याआड लपलेला असतो, आणि तो डिव्हाइस मॅनेजरमध्ये एकेक यंत्र बंद करूनच सापडतो.

वाय-फायसाठी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो अडॅप्टर 'डिसेबल' करावा आणि तंबोऱ्याची चाचणी पुन्हा घ्यावी. टास्कबारवरून वाय-फाय तोडणे आणि ड्रायव्हर बंद करणे यांत फरक आहे : तोडलेले वाय-फायसुद्धा आसपासची नेटवर्क शोधत राहते, आणि दाटीवाटीच्या पेठेत अशी नेटवर्क पंचवीस-तीस सहज सापडतात. खंड थांबला तर निर्मात्याच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घालून पाहावा. तरीही फरक पडला नाही तर रेकॉर्डिंगच्या वेळी तो बंदच ठेवावा. इंटरनेट लागतेच असे असेल तर लॅन केबल बरी. ब्लूटूथही त्याच वेळी बंद करावे. ब्लूटूथ हेडफोन तर रेकॉर्डिंगसाठी नकोच, कारण त्याचा उशीर कोणताही बफर कमी करून भरून निघत नाही.

बॅटरीचे प्रकरण विचित्र आहे आणि फारसे कोणाला ठाऊक नाही. काही लॅपटॉपमध्ये विंडोज अधूनमधून बॅटरीची स्थिती विचारते आणि ते उत्तर मिळेपर्यंत सगळे अडते. लेटन्सीमॉनमध्ये एसीपीआय सतत वर दिसत असेल तर डिव्हाइस मॅनेजरच्या बॅटरी विभागातली 'कंट्रोल मेथड बॅटरी' ही नोंद डिसेबल करून पाहावी. लॅपटॉप चालूच राहतो, पण चार्जचे टक्के दिसणे थांबते आणि बॅटरी संपत आल्याची सूचनाही येत नाही; म्हणून चार्जर लावलेला असतानाच हे करावे आणि काम झाल्यावर ती नोंद आठवणीने पूर्ववत करावी. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ऊर्जाबचत बंद करून सर्वाधिक कार्यक्षमतेचा पर्याय निवडल्याने पुष्कळदा भागते.

'संगणक वेगवान करा' म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरे या कामी घेऊ नयेत. ती एका दमात पन्नास सेटिंग बदलतात, मग कोणत्या बदलाने काय झाले हे कधीच कळत नाही.

प्ले दाबल्याबरोबर, किंवा मोठ्या लायब्ररीत

सुरुवातीच्या एक-दोन सेकंदांत किंवा एखादे नवे वाद्य प्रथमच वाजू लागते तेव्हा आवाज तुटत असेल तर डिस्क पाहावी. डिस्कचा वेग कमी पडतो हा समज मात्र बरोबर नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ मेगाबाइटपेक्षा किंचित जास्त जागा घेतो. आठ ट्रॅक एकदम घेतले तरी सेकंदाला १.२ मेगाबाइटसुद्धा होत नाही, आणि जुनी हार्ड डिस्कही त्याच्या कितीतरी पट लिहू शकते. अडचण येते ती शोधण्यात. ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कला हवा तो भाग सुईखाली येईपर्यंत सरासरी साडेपाच मिलिसेकंद केवळ फिरण्यात जातात, सुई सरकवण्याचा वेळ वेगळा. तबला किंवा हार्मोनियमची सॅम्पल लायब्ररी प्रत्येक स्वरासाठी निराळी फाइल वाचते, तेव्हा हे मिलिसेकंद साचत जातात. लायब्ररी आणि चालू प्रोजेक्ट एसएसडीवर ठेवावेत. हा एक खर्च असा आहे की ज्याची शिफारस मी न कचरता करतो.

प्रोजेक्टचे फोल्डर क्लाउडशी आपोआप जोडलेल्या डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये असेल तर रेकॉर्ड होणारी फाइल वाढता वाढताच वर चढवण्याची खटपट चालू होते. फोल्डर तिथून हलवावे आणि अँटिव्हायरसच्या तपासणीतून ते वगळावे. रॅम वाढवण्याचा प्रश्न इथेच येतो : लेटन्सीमॉनमध्ये 'हार्ड पेजफॉल्ट' चा आकडा सारखा वाढत असेल तर रॅम खरोखर अपुरी आहे; तो वाढत नसेल तर रॅमवर घातलेले पैसे वाया जातात.

गाणे संपल्यावर तुटतो

प्लगइनचा भार वाढला की आवाज तुटतो हे सर्वांना माहीत असते, आणि जड ट्रॅक 'फ्रीझ' करावा (प्लगइनसह तयार आवाजात बदलून ठेवावा), कन्व्होल्यूशन रिव्हर्ब (घुमारा देणारे) व लिनिअर फेज इक्वलायझर यांसारखी जड प्लगइन मिक्सिंगपर्यंत लावू नयेत, हा सल्लाही परिचित आहे. एका ट्रॅकवरची प्लगइनची साखळी सहसा एकाच कोअरवर चालते, म्हणून आठ कोअर असूनही एकच ट्रॅक सगळ्यांना अडवू शकतो, हे मात्र ध्यानात घ्यावे.

एक प्रकार असा आहे की आवाज चालू असताना काही होत नाही, आणि शेवटची तान विरून गेल्यावर, रिव्हर्बची शेपटी शून्याकडे जात असताना, सॉफ्टवेअरमधला प्रोसेसरचा मीटर एकदम उसळतो व खरखर सुरू होते. तर्काला हे उलटे वाटते. विरत जाणाऱ्या नादाच्या संख्या इतक्या सूक्ष्म होतात की पुष्कळ प्रोसेसरना त्या नेहमीच्या मार्गाने हाताळता येत नाहीत आणि तीच बेरीज करायला कितीतरी पट वेळ लागतो. अशा संख्यांना डिनॉर्मल म्हणतात. चांगली नवी प्लगइन त्यांना सरळ शून्य मानतात, जुनी फुकटची प्लगइन पुष्कळदा मानत नाहीत. मीटर उसळताना एकेक रिव्हर्ब आणि डिले बंद करत गेले की दोषी सापडतो. ते प्लगइन बदलावे, नाहीतर त्याच्या आधी अगदी क्षीण नॉइज सोडावा, म्हणजे संख्या तितक्या खाली उतरतच नाहीत.

अर्धा-पाऊण तास उलटल्यावर

उस्ताद अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या आश्रयाने इथे राहिले, तेव्हापासून जयपूर-अत्रौली गायकी कोल्हापूरच्या कानांत मुरलेली आहे, आणि विलंबित ख्याल रेकॉर्ड करायचा म्हणजे पाऊण तासाचा अखंड टेक आला. तीन मिनिटांच्या गाण्यात न दिसणारा दोष इथे उघडा पडतो. आवाज बाहेरून येऊ नये म्हणून खिडक्या बंद, भिंतींवर घोंगडी आणि गोधड्या, पंख्याचा घरघराट नको म्हणून तोही बंद. अशा खोलीत एप्रिल-मेच्या दुपारी लॅपटॉप तापणारच. पुष्कळ लॅपटॉप प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सियसच्या आसपास पोचले की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतात, आणि मग सुरुवातीला सहज पेलणारा प्रोजेक्ट तिथून पुढे तुटू लागतो.

तापमान दाखवणारे कोणतेही साधे सॉफ्टवेअर उघडे ठेवून वहीतल्या वेळेशी पडताळून पाहावे. लॅपटॉप गादीवर किंवा सतरंजीवर ठेवू नये, खालच्या जाळ्यांना हवा लागेल असा उंच ठेवावा; आतली धूळ वर्षातून एकदा काढून घ्यावी. हाय परफॉर्मन्स प्लॅनमध्ये प्रोसेसरचा कमाल वेग ९९ टक्क्यांवर आणला तर बहुतेक प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे तात्पुरता वाढीव वेग, बंद होतो, उष्णता बरीच घटते आणि वेग एकसारखा राहतो. ध्वनिमुद्रणाला उसळत्या वेगापेक्षा सारखा वेग मानवतो.

बाहेर काही घडते तेव्हा

शेजारची मोटार सुरू झाली, फ्रीज चालू झाला, किंवा शिवाजी उद्यमनगरासारख्या भागात लेथ आणि वेल्डिंगची यंत्रे एकदम लागली की क्षणभर दाब उतरतो. संगणक तो झटका सोसतो. अडॅप्टरवर चालणारा इंटरफेस मात्र पुन्हा सुरू होतो आणि सॉफ्टवेअरमधून काही सेकंद नाहीसा होतो. विंडोजचा यंत्र निघाल्याचा आणि पुन्हा लागल्याचा तो जोडनाद ऐकू आला तर दोष वीज किंवा यूएसबी यांच्यापलीकडे नाही. चार्जर काढून, केवळ बॅटरीवर चाचणी घेतली की निकाल लागतो. फक्त बॅटरीवर विंडोज आपोआप ऊर्जाबचतीकडे वळते, ते आधी थांबवावे. घरच्या इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचे बटण असेल तर ते लावावे, कारण साध्या मोडमध्ये वीज गेल्यावर बदल व्हायला जास्त वेळ लागतो.

यूएसबी २.० चे पोर्ट ५०० मिलिअँपिअर देण्यासाठी बांधलेले असते. त्यावरच चालणाऱ्या इंटरफेसला दोन कंडेन्सर मायक्रोफोनचा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठाही त्यातूनच काढावा लागतो, आणि त्याच हबवर पेन ड्राइव्ह व माऊस असले तर हिशेब तुटतो. इंटरफेस थेट संगणकाच्या पोर्टला लावावा, डेस्कटॉप असेल तर पुढच्या नव्हे, मागच्या. लांब केबल टाळावी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली 'वीज वाचवण्यासाठी हे यंत्र बंद करण्यास परवानगी' ही खूण काढावी आणि पॉवर प्लॅनमधले यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करावे. जुलै-ऑगस्टच्या पावसात कनेक्टरवर ओलसर हिरवट थर चढतो. केबल हलवली की आवाज तुटत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरची फवारणी करून पाहावी, मगच नवी केबल आणावी.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर वेगळा एसिओ ड्रायव्हर लागत नाही. त्यामुळे ड्रायव्हरांची वरची कटकट बरीच कमी असते. तिथे दोन यंत्रे 'अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस' म्हणून जोडली असतील तर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये दुसऱ्या यंत्रापुढची 'ड्रिफ्ट करेक्शन' ची खूण लावावी, आणि लो पॉवर मोड बंद ठेवावा. लिनक्सवर खंडाला एक्सरन म्हणतात व जॅक किंवा पाइपवायर ही आवाज हाताळणारी सॉफ्टवेअरे त्यांची मोजणी दाखवतात. वापरकर्त्याला रिअल-टाइम प्राधान्याची परवानगी आहे का, आणि प्रोसेसरचा गव्हर्नर (त्याचा वेग ठरवणारी सोय) 'परफॉर्मन्स' वर आहे का, ही दोन ठिकाणे पाहिली की बहुतेक प्रश्न सुटतो. २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ कर्नलपासून (लिनक्सच्या गाभ्याच्या आवृत्तीपासून) रिअल-टाइमची सोय मुख्य कर्नलमध्येच आली आहे, त्यामुळे पूर्वीसारखा निराळा पॅच लावण्याची गरज उरलेली नाही.

इतके करूनही तंबोऱ्याच्या चाचणीत खंड येत असेल तर ओळखीच्या कोणाचा इंटरफेस एका संध्याकाळपुरता मागून आणावा, आणि आपला इंटरफेस त्याच्या संगणकाला लावून पाहावा. दोष इंटरफेसबरोबर गेला तर दुरुस्ती किंवा बदल; संगणकाशीच राहिला तर इंटरफेसच्या ड्रायव्हरची आधीची आवृत्ती घालून पाहण्याजोगी असते, कारण नवी आवृत्ती प्रत्येक वेळी चांगलीच असते असे नाही.

दोष सापडून सगळे सुरळीत झाले की शेवटचे कोणते सेटिंग बदलले ते वहीत तारखेसह लिहून ठेवावे आणि विंडोज अपडेट थांबवून ठेवावे. ते कमाल ३५ दिवस थांबवता येते. मोठ्या अपडेटनंतर ड्रायव्हर बदललेला, पॉवर प्लॅन मूळ पदावर आलेला आणि यूएसबीच्या खुणा परत लागलेल्या आढळतात. तेव्हा मुद्रणाचे काम हातात असताना तेवढे दिवस अपडेट अडवावे, काम हातावेगळे झाल्यावर ते होऊ द्यावे, आणि पुढच्या टेकला बसण्यापूर्वी वही समोर ठेवून ही तीन ठिकाणे तपासावीत.